पाय काढल्यानंतरचे वर्ष: खर्च किती, मदत कुठून

मित्राचा पाय काढावा लागला ही बातमी पसरली की दोन दिवस फोन वाजत राहतात. कुणीतरी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतो, आठवड्याभरात चाळीस-पन्नास हजार जमतात आणि रुग्णालयाच्या काउंटरवर भरले जातात. महिन्याभराने ग्रुप थंडावतो, आणि खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो.

जमलेले पैसे वाईट मार्गाला लागले असे कुणी म्हणणार नाही. पण ज्या खर्चाला सरकारी योजना आहे त्यावर ते संपतात, आणि ज्याला कुठलीच योजना नाही त्या घरखर्चाच्या वेळी हातात काही उरत नाही. म्हणून मित्रांना माझा सल्ला: पैसे लगेच जमवा, खर्च मात्र सावकाश करा.

पुढचा हिशेब सोपा जावा म्हणून एक उदाहरण धरू. पन्नाशीच्या आतबाहेरचा, छोटे दुकान किंवा रिक्षा चालवणारा माणूस. मधुमेहाची जखम चिघळून गुडघ्याखाली पाय काढलेला. राहणार पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरात. दर अंदाजाचे आहेत. मुंबईत ते चढे असतील, तालुक्याच्या गावी उतरतील.

डिस्चार्जच्या आधी

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर सर्जनला एकच प्रश्न नीट विचारा: गुडघा वाचेल का? रक्तपुरवठ्याची डॉपलर तपासणी झाली आहे का, रक्तवाहिन्यांच्या सर्जनने पाय पाहिला आहे का, हेही विचारा. जीवाला धोका असेल तर वाद घालण्याची ही वेळ नव्हे, निर्णय डॉक्टरांचाच. पण गुडघा राहिला तर चालायला कमी दम लागतो आणि आयुष्यभर बदलावा लागणारा प्रत्येक कृत्रिम पाय कितीतरी स्वस्त पडतो. खासगी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला हजार-दीड हजार लागतील. ते द्यायला मागेपुढे पाहू नका.

बिलाकडे वळण्याआधी रेशनकार्ड शोधा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारकांना लागू झाली आहे आणि कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देते. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. हे रुग्णालय या शस्त्रक्रियेसाठी योजनेत आहे का, हे तोच सांगेल. नाहीतर 155388 वर फोन करा. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. रोख बिल भरून मग योजनेसाठी धावणाऱ्यांच्या हाती बहुधा काही लागत नाही.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल तर दुसरी वाट आहे. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. बाहेरून पंचतारांकित दिसणारी कित्येक रुग्णालये कागदोपत्री धर्मादायच असतात, तेव्हा इमारतीची काच पाहून मागे फिरू नका.

जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांसारख्या, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी आजारांची ठरलेली यादी असते आणि रस्ते अपघात त्यात येतात. रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते, त्यामुळे रुग्ण दाखल असतानाच अर्ज करावा लागतो.

ही सगळी धावपळ वहिनींच्या गळ्यात टाकू नका. त्या खाटेजवळ असतात, त्यांचा फोन सतत वाजत असतो. मित्रांपैकी एकाने दोन दिवसांची रजा टाकून तहसील कार्यालयात रांग लावली, तर पाच हजारांच्या पाकिटापेक्षा ती मदत मोठी ठरते.

घरी आल्यावरचा हिशेब

शस्त्रक्रिया योजनेत बसली असे समजू. तरी वर्षभराचे आकडे असे दिसतात.

पहिले तीन महिने एक दिवसाआड ड्रेसिंग. एका वेळेचे 300 रुपये धरले तर पंचेचाळीस वेळांचे साडेतेरा हजार. मधुमेह, रक्तदाब आणि नसांच्या दुखण्याची औषधे मिळून महिन्याला 3 हजार, म्हणजे वर्षाला 36 हजार. जनऔषधी केंद्रातली औषधे डॉक्टरांना विचारून सुरू केली तर हा आकडा बराच खाली येतो. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे एका भेटीचे 500 रुपये. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे, असे 12 हजार. वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची आणि साधी घडीची व्हीलचेअर मिळून 9-10 हजार. व्हीलचेअर विकत घेण्याची घाई करू नका. बऱ्याच शहरांत स्वयंसेवी संस्था अनामत रक्कम घेऊन रुग्णसाहित्य नाममात्र भाड्याने देतात, आणि गुडघ्याखाली पाय काढलेल्या माणसाला ती खुर्ची बहुधा काही महिनेच लागते.

घरात न्हाणीघर आणि संडास या दोन जागांवर पैसे घाला. भिंतीला दोन-तीन दांडे, घसरणार नाही अशी फरशी किंवा रबरी चटई, भारतीय पद्धतीचे भांडे असेल तर त्यावर खुर्ची किंवा नवा कमोड: 10 हजार धरा. उंबरा उंच असेल तर गवंड्याकडून उतार करून घ्या. रुग्णालयात जायला-यायला रिक्षाचे 400 रुपये, वर्षात तीस फेऱ्या, म्हणजे 12 हजार.

इथपर्यंत बेरीज साधारण 93 हजार होते. उरला घरखर्च. माणूस सहा महिने दुकानात बसू शकत नाही. घरभाडे, किराणा, मुलांची फी मिळून महिन्याला 20 हजार धरले तरी 1 लाख 20 हजार. म्हणजे वर्षाच्या सुमारे 2 लाख 13 हजारांतला अर्ध्याहून मोठा वाटा औषधांचा नाही, चुलीचा आहे. त्यासाठी कुठला आरोग्यमित्र नाही.

म्हणून एकरकमी वर्गणीपेक्षा महिन्याची वर्गणी बरी. बारा मित्रांनी दरमहा 1,500 रुपये वर्षभर दिले तर 2 लाख 16 हजार होतात. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा, म्हणजे कुणाला आठवण करावी लागत नाही आणि घेणाऱ्याला दर महिन्याला मान खाली घालावी लागत नाही. हिशेब एकाने ठेवावा आणि ग्रुपवर टाकावा. दिलेले पैसे उसने की कायमचे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. या मुद्द्यावर न बोलल्याने तुटलेली मैत्री पुढे सांधता येत नाही.

गृहकर्ज किंवा वाहनकर्ज असेल तर कर्जाच्या फाइलीत विम्याचा कागद आहे का बघा. कर्ज घेताना बँकेने सही घेऊन विमा उतरवलेला असतो आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. आरोग्यविमा असेल तर एक कलम आधीच वाचून ठेवा: बऱ्याच पॉलिसी शस्त्रक्रियेत शरीराच्या आत बसवलेल्या भागांचे पैसे देतात, बाहेरून लावायच्या कृत्रिम पायाचे देत नाहीत.

कृत्रिम पाय: घाई कशाची?

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि वायाही इथेच जातो. कारण साधे आहे. शस्त्रक्रियेनंतर उरलेला भाग, ज्याला सगळे स्टंप म्हणतात, तो सुजलेला असतो आणि पहिले सहा महिने ते वर्षभर आकसत जातो. प्लास्टरचे माप घेऊन केलेले सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती वाटी, काही महिन्यांतच सैल होते. आधी जास्तीचे मोजे घालून भागवतात, मग सॉकेट नवे करावे लागते. भावनेच्या भरात पहिल्याच पायावर दोन लाख घातले तर पाऊल आणि नळी पुन्हा वापरता येईल, सॉकेट नाही. म्हणून पहिला पाय साधा किंवा मोफत मिळालेला चालेल. चांगला पाय दुसऱ्या खेपेला घ्या, तोवर मित्राला आपण किती चालतो, कुठे चालतो, हेही कळलेले असते.

पाय बसेपर्यंतचे काम जवळजवळ फुकटचे आहे. जखम भरल्यावर स्टंपला क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखे बांधायचे, टोकाकडे घट्ट आणि वर सैल. ते फिजिओथेरपिस्टकडून घरातल्या दोघांनी शिकून घ्यावे. गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. आराम वाटतो म्हणून घरोघर ठेवतात आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. आखडलेल्या गुडघ्याला पंचवीस लाखांचा पायही उपयोगाचा नाही. दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे पालथे झोपायचे. नसलेला पाय दुखतो, खाजतो, अशी तक्रार असेल तर तिला भ्रम म्हणून हसू नका. मेंदूत त्या पायाचा नकाशा शिल्लक असतो. त्यावर औषधे आहेत, आरशासमोर करायचे व्यायाम आहेत; डॉक्टरांना सांगा.

आता पाय कुठे मिळतो ते. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती 1975 पासून जयपूर फूट मोफत बसवते. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेले हे रबरी पाऊल अनवाणी चालायला, चिखलात उतरायला, मांडी घालून बसायला चालते. शेतकऱ्याला किंवा देवळात पुजारी असलेल्या माणसाला परदेशी कार्बनच्या पावलापेक्षा हे सोयीचे पडते, आणि ते फुकट म्हणून हलके, असे समजण्याचे कारण नाही. पुण्यात साधू वासवानी मिशन मोफत कृत्रिम अवयव देते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे पाय बनवणे आणि चालायला शिकवणे एकाच छताखाली होते. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे आणि सैनिकांबरोबर नागरिकांनाही शुल्क घेऊन पाय बसवून देते.

दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतही कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरांतून कृत्रिम पाय मिळतात. 40 टक्के दिव्यांगत्व हवे; महिन्याचे उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण, 30 हजारांपर्यंत असेल तर अर्धी मदत. शिबिरात माप एका दिवशी आणि वाटप काही आठवड्यांनी, मधल्या काळात स्टंप आकसलेला, असे होते. म्हणून शिबिरात एक प्रश्न जरूर विचारा: हा सैल झाला तर दुरुस्तीला कुठे यायचे? उत्तर मिळाले नाही तर दूरच्या शिबिरापेक्षा जवळचे केंद्र निवडा.

विकतच्या पायाचे दर दुकानागणिक बदलतात. गुडघ्याखालचा साधा मॉड्युलर पाय साधारण 25 ते 60 हजार. कार्बनचे पाऊल आणि सिलिकॉन लायनर (स्टंपवर चढवायचे मऊ आवरण) घेतला की दीड-दोन लाख सहज होतात. गुडघ्यावर पाय काढला असेल तर साध्या यांत्रिक गुडघ्यासह 60 हजार ते दीड लाख, हायड्रॉलिक गुडघा त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि मायक्रोप्रोसेसरचा गुडघा आठ-दहा लाखांच्या पुढे कितीही. आयआयटी मद्रासने 2022 मध्ये 'कदम' नावाचा भारतीय कृत्रिम गुडघा आणला. जुलै 2025 मध्ये डीआरडीओची हैदराबादची प्रयोगशाळा आणि बीबीनगरचे एम्स यांनी कार्बनचे देशी पाऊल दाखवले, ज्याचा उत्पादनखर्च 20 हजारांच्या आत येईल असे त्यांनी सांगितले. परदेशी पावलाला दोन लाख मोजण्याआधी देशी पर्यायांची चौकशी करणे शहाणपणाचे.

पाय बनवणारा प्रॉस्थेटिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदलेला असावा. कोटेशन एकरकमी घेऊ नका. सॉकेट, पाऊल, नळी, लायनर यांचे दर वेगळे लिहून मागा. वर्षभरात किती वेळा मोफत बसणी करून देणार, हेही लिहून घ्या. लायनर सहा महिने ते वर्षभरात झिजतो आणि त्याची किंमत विकताना कुणी आपणहून सांगत नाही.

कागद एकच, पण तो आधी

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढे तपासणी होते. अर्जाला पैसे लागत नाहीत आणि एजंटही लागत नाही. गुडघ्याखाली पाय काढल्यास साधारण 60 ते 70 टक्के मिळतात. फक्त बोटे काढली असतील तर सगळ्या बोटांचे मिळून 20च टक्के होतात आणि बहुतेक सवलतींची 40ची अट पुरी होत नाही. हे आधी माहीत असले तर हेलपाटे वाचतात.

या कार्डावर एसटीच्या साध्या गाडीत 75 टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व 65 टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्यालाही निम्मे भाडे. रेल्वेत सोबतीशिवाय प्रवास करता न येणाऱ्यांना शयनयान आणि वातानुकूलित थ्री टियरमध्ये 75 टक्के सवलत मिळते, सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचे वेगळे प्रमाणपत्र करावे लागते. आयकराच्या जुन्या पद्धतीत 75 हजारांची वजावट आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सर्वांनी 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो, तेव्हा तिथेही अर्ज टाका. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये झाले आहे, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत हवे. या महागाईत 50 हजारांत वर्ष काढणारी कुटुंबे किती आणि त्या अटीमुळे बाहेर राहणारी किती, याचा विचार शासनाने करायला हवा.

मित्र सरकारी नोकरीत असेल तर दिव्यांग हक्क कायदा 2016 त्याच्या बाजूने आहे: सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला त्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. राजीनामा लिहून द्यायला कुणी सांगितले तरी लिहू देऊ नका.

अपघात असेल तर तारखा पाळा

पाय अपघातात गेला असेल तर हिशेब बदलतो. बँकेचे पासबुक काढून मे-जूनमध्ये 20 रुपये कापल्याची नोंद आहे का पाहा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. त्यात एक पाय गमावल्यास 1 लाख मिळतात. अर्ज 30 दिवसांत बँकेत द्यायचा. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तीही एका पायासाठी 1 लाख देते आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अर्ज मागते. रस्त्यावरच्या अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत लावा. त्यासाठी एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि प्रत्येक पावतीची प्रत जपून ठेवा. मित्र ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) कामगार असेल तर उपचार, कृत्रिम पाय आणि कामावरच्या अपघातासाठी कायम अपंगत्वाचा लाभ यांची चौकशी ईएसआय कार्यालयात करा.

ऑनलाइन मदत मागताना

आधी मित्राला विचारा. बँडेजमधला फोटो त्याच्या शेजाऱ्यांनी, मुलीच्या वर्गातल्या मुलांनी पाहावा का, हे तोच ठरवेल. निधी जमवणारी काही संकेतस्थळे शुल्क कापतात, काही देणगीदाराकडून 'टिप' मागतात. पैसे देण्याच्या पानावर ती आकडेवारी वाचा. व्यक्तीला दिलेल्या मदतीवर देणगीदाराला आयकरातली 80जीची सूट मिळत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून 50 हजारांच्या वर रक्कम आली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. कमाई थांबलेल्या माणसाला बहुधा कर लागणार नाही, पण मोठी मोहीम असेल तर आधी सीएशी बोला.

भेटायला जाताना नृत्यांगना सुधा चंद्रन यांची गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगू नका. जयपूर फूट लावून त्या नाचल्या हे खरे आहे आणि ते फार मोठे आहे. पण कालपर्यंत दोन पायांवर उभ्या असलेल्या माणसाला आज नाचण्याचे ओझे नको असते. त्यापेक्षा त्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर दोन तास बसा किंवा मुलाला शाळेतून आणा.

राहिला दुसरा पाय. मधुमेहाने एक पाय गेला असेल तर दुसराही धोक्यात असतो. मधुमेहामुळे पाय काढावे लागतात त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात एखाद्या छोट्या, न दुखणाऱ्या जखमेने झालेली असते. रोज रात्री उजेडात तळवा आणि बोटांच्या बेचक्या कुणीतरी पाहायच्या, तंबाखू-विडी बंद, साखर आटोक्यात, अनवाणी पाऊल कुठेच टाकायचे नाही. एमसीआर रबराची मऊ चप्पल साधारण 500 ते दीड हजारांत मिळते. ती ग्रुपच्या पहिल्या महिन्याच्या वर्गणीतून घ्या.